तिसरा थर

आमच्या कारखान्यात शिरलात की उजव्या हाताची सगळी भिंत मोडक्या धनुष्यांची. चांगली धनुष्यं आत कपाटात आणि मोडकी दर्शनी. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटतं. एक गिऱ्हाईक मला म्हणालं होतं, “बाई, डॉक्टरनं दवाखान्यात दगावलेल्या पेशंटांचे फोटो लावावेत तसं झालं की हे!” मी म्हटलं, “लावले असते तर डॉक्टर जरा जपून औषध देत.” गेलं बिचारं, पण धनुष्य घेऊन गेलं.

आमची रीतच तशी. धनुष्य मोडलं की फेकायचं नाही, खिळ्याला टांगायचं. खाली एक फळी ठोकायची आणि तापलेल्या सळईनं तिच्यावर कारण डागायचं. एखाददुसरा शब्द, जास्त नाही. ‘गाठ’. ‘ओल’. ‘घाई’. ज्याची चूक, त्यानंच डागायचं, दुसऱ्यानं नाही. ‘घाई’च्या फळ्या सगळ्यात जास्त आहेत आणि त्यातल्या चार माझ्या आहेत, नाकारत नाही.

एकाच धनुष्याखाली दोन कारणं आहेत. वरचं आहे ‘पाठ जड’. ते माझ्या काकांच्या हातचं, वळणदार, एकेक अक्षर सारख्या उंचीचं. खालचं माझं, वाकडंतिकडं: ‘गप्प’. लोक विचारतात, हे लाकडाचं कुठलं कारण? तेव्हा मी चहा टाकायला आत जाते.

आज सांगते. काकांबद्दलच सांगायचंय, माझं त्यात येईल तितकं येईल.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बारा वर्षांनी लहान. सगळी गल्ली त्यांना सरसकाका म्हणायची. सरस म्हणजे कातडी उकळून करतात तो डिंक. त्यांच्या अंगाला त्याचा वास कायमचा होता, आंघोळीनं न जाणारा. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, “एक मुलगी बघायला गेलो होतो. तिनं नाकाला पदर लावला. मी म्हटलं, सुटलीस बाई.” आणि स्वतःच हसायचे, खांदे हलवत, आवाज न करता.

कारखान्यात कामाची वाटणी ठरलेली होती. लाकूड बाबांचं, पाठ काकांची. लाकूड निवडणं म्हणजे काय, ते आमच्या बाबांकडून शिकावं. ओंडका ते करवतीनं कापूच देत नसत. पाचर ठोकून फोडायचे, म्हणजे लाकूड त्याच्या धाग्यानं स्वतः फाटतं आणि कुठे पीळ आहे ते लपवू शकत नाही. ज्या फाका सरळ निघतील त्यांच्या टोकांना मेण लावायचं आणि माळ्यावर चार वर्षं सुकत ठेवायच्या. चार म्हणजे चार. मग फाक खाली काढायची, दोन बोटांत सैल धरायची आणि छोट्या लाकडी हातोडीनं ठोकून ऐकायची. आतून निरोगी असेल तर ती वाजते, खणखणीत. आत कुठे वाढीची वलयं एकमेकांपासून सुटली असतील तर वरून कितीही देखणी असो, आवाज बद्द येतो. अशी फाक सरळ चुलीत. बाबा म्हणायचे, “डोळ्यांना फसवता येतं, कानाला नाही.”

लाकूड घडवून झालं की ते काकांकडे जायचं. तिरंदाजाच्या तोंडाकडची बाजू म्हणजे धनुष्याचं पोट, आणि निशाणाकडची ती पाठ. दोरी ओढली की पोट दबतं आणि पाठ ताणते. लाकूड मोडतं ते बहुतेक पाठीला ताण सोसला नाही म्हणून. म्हणून पाठीला जनावराच्या पायाच्या नसांचं अस्तर द्यायचं. वाळलेली नस काठीसारखी कडक असते. काका ती दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं ठेचायचे, हळूहळू, चिडल्याशिवाय. मग ती उलगडायची, केसासारखे तंतू सुटायचे. ते विंचरायचे, लांबीप्रमाणे लावायचे, कोमट सरसात बुडवायचे आणि एकाशेजारी एक पाठीवर निजवायचे. सरस किती गरम हे ते करंगळी बुडवून ओळखायचे. डोळे मिटून नुसत्या बोटांनी ते सांगायचे की या जुडीत एक तंतू उलटा आहे. काढून बघितलं की असायचाच. एक थर द्यायचा, तो काही आठवडे सुकू द्यायचा, मग दुसरा. दोनच थर. तिसरा द्यायचा नाही. पाठ फार बळकट झाली तर ती पोटाला चिरडते आणि धनुष्य आपल्याच ताकदीनं मरतं.

माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. बाबांना लाकूड कळायचं. पोरगी कळायची नाही. शाळेत जायच्या आधी माझी वेणी काका घालायचे. नसा विंचरायच्या हाडाच्या फणीनं, धुऊन घेऊन बरं का. “तुझे केस नसांपेक्षा हट्टी आहेत,” म्हणायचे. “आणि तू केसांपेक्षा.” शाळेत सगळ्यांत घट्ट वेणी माझी असायची. संध्याकाळपर्यंत एक बट सुटायची नाही. पोरी विचारायच्या, आई घालते का गं? मी हो म्हणायचे. तेव्हाही खरं सांगायला मला कसली लाज वाटत होती कोण जाणे.

मी मोठी झाले, कारखान्यात बसायला लागले. बाबांनी हातोडी हातात दिली, ऐकायला शिकवलं. माझा कान चांगला निघाला. बाबांसारखाच, आणि राग पण बाबांसारखाच, नाकाच्या शेंड्यावर. काका म्हणायचे, “दोन पाचरी एका ओंडक्यात ठोकल्यात. मी मध्ये.”

बाबांची साठी उलटली आणि त्यांचे कान गेले. एकदम नाही, पायरी पायरीनं. विचारावं, “चहा घेणार?” तर उत्तर यायचं, “मंगळवारी.” आम्ही हसायचो, तेही हसायचे, आणि का हसतोय ते त्यांना माहीत नसायचं. काका त्यांच्याशी नेहमी समोर जाऊन, तोंड दिसेल असं बोलायला लागले. कोणाला काही न सांगता. मला वाटलं, हे असं किती दिवस झाकणार? लाकूड ऐकायचंय या माणसाला!

एक दिवस मी सरळ म्हटलं, आणि म्हणण्याची माझी पद्धत तुम्हाला एव्हाना कळली असेल. “बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरकडे चला.”

हे मात्र त्यांना बरोब्बर ऐकू आलं.

“कानामागून आली आणि तिखट झाली!” हातातली सुरी त्यांनी बाकावर आपटली. “चाळीस वर्षं ऐकतोय मी लाकूड. तू काल आलीस. आजपासून फाकांना हात लावायचा नाही. कोपऱ्यात बसून दोऱ्या वळ.”

काका मध्ये पडले, “दादा, तिला तसं म्हणायचं नव्हतं.” मी म्हटलं, मला तसंच म्हणायचं होतं. झालं. चार दिवस आम्ही बाप-लेक एकमेकांशी बोललो नाही. निरोप काका पोचवायचे, एकाच खोलीत. “दादा विचारतोय कानस कुठे आहे.” “त्यांना सांगा त्यांच्या ढुंगणाखाली आहे.” काका सांगायचे, “बाकावर बघ, दादा.”

पाचव्या दिवशी बाबांनी कोचबाईंच्या धनुष्यासाठी फाक काढली. कोचबाई म्हणजे तिरंदाजी शिकवणाऱ्या, आमच्याकडून वर्षानुवर्षं धनुष्यं नेणाऱ्या. या वेळचं त्यांचं स्वतःचं होतं, मोठ्या स्पर्धेसाठी. बाबांनी एका ओंडक्याच्या दोन जोडफाका खाली आणल्या, एक बाजूला ठेवली आणि दुसरी बोटांत धरून ठोकली.

बद्द. गादीवर धपाटा घातल्यासारखा आवाज.

मी कोपऱ्यात दोरी वळत होते. हात थांबला माझा. बाबांनी डोळे मिटले होते, मान हलवत होते. पुन्हा ठोकली, पुन्हा बद्द. “ऐकलंस?” ते काकांना म्हणाले. “घंटा आहे, घंटा.”

काका चुलीपाशी सरस ढवळत होते. त्यांनी वर बघितलं, भावाच्या तोंडाकडे. मग म्हणाले, “चांगली आहे, दादा.”

आणि मी? मी मनात म्हटलं, वाजू दे तुमची घंटा. मला कुठे विचारलंय? दोऱ्या वळ म्हणालात ना, वळतेय. असा विचार केला मी. सत्तावीस वर्षांची घोडी, चार वर्षांच्या पोरासारखी रुसून बसले. मला वाटलं होतं, घडवताना फाक तडकेल, बाबांची जिरेल आणि मग मी म्हणेन, बघा! पण ती तडकली नाही. आतून सुटलेलं लाकूड घडवताना गरीब गाईसारखं असतं. ते ओढल्यावर दगा देतं.

लाकूड काकांकडे गेलं. या वेळी पाठीला फार दिवस लागले. कोचबाईंचे दोन निरोप आले. काका म्हणाले, “हवा दमट आहे, सरस सुकत नाही.” हवा दमट नव्हती. दोऱ्या वळणाऱ्या माणसाला हवा कळते. पण माझा राग अजून पुरता गेला नव्हता, आणि शिवाय मला वाटायला लागलं होतं की कदाचित मीच चुकीचं ऐकलं असेल.

पहिली ओढ करणाऱ्याची, ही आमची दुसरी रीत. धनुष्य गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी कारागीर गिऱ्हाइकासमोर ते पूर्ण ओढतो आणि धरून ठेवतो. मोडायचं तर आपल्या तोंडावर मोडू दे. कोचबाई आल्या, सोबत त्यांच्या चार-पाच शिष्या. बाबांनी धनुष्य उचललं, पाय रोवले आणि दोरी कानापर्यंत ओढली.

वरचं पातं, म्हणजे मुठीच्या वरचा अर्धा भाग, मोडलं. बाबांना आवाज कितपत आला माहीत नाही, पोरी किंचाळल्या. एरवी असं मोडलं की पात्याचा तुकडा सुटून तोंडावर येतो. आमच्याच गल्लीत एकाचा डोळा तसा गेलाय. इथे लाकूड फुटलं, पण पाठ तुटली नाही. काकांच्या तंतूंनी तुकडा धरून ठेवला. तो बाबांच्या गालापासून वीतभर लोंबकळत राहिला. गालावर ओरखडा नाही.

कोणी हे बघितलं नाही. मी बघितलं.

बाबा पांढरेफटक पडले होते. गिऱ्हाइकासमोर त्यांच्या हातात धनुष्य कधीच मोडलं नव्हतं. त्यांनी सुरी घेतली आणि पाठीचं अस्तर कडेनं सोलायला लागले. एक थर. दुसरा थर. आणि त्याच्याखाली तिसरा.

“तीन?” बाबा म्हणाले. मग ओरडले, “तीन थर? कोणाला विचारून? पाठ जड केलीस, पोट चिरडलं! माझ्या असल्या लाकडाची माती केलीस!”

तिसरा थर बघितला आणि मला सगळं उमगलं. काकांनी ऐकलं होतं. त्या दिवशी चुलीपाशी त्यांनी माझ्याइतकंच स्वच्छ ऐकलं होतं. मोठ्या भावाला तोंडावर कसं सांगायचं, म्हणून गुपचूप जास्तीचा थर चढवला, की मोडलंच तर तुकडा उडू नये. आणि मोडलेल्या ठिकाणी, वलयांच्या मध्ये, जुनी काळी रेघ मला कोपऱ्यातून दिसत होती. नवी फूट पांढरी असते. काळी रेघ म्हणजे झाड उभं होतं तेव्हापासून लाकूड आतून सुटलेलं. बाबांनी तिकडे बघितलंच नाही. त्यांना हवं ते सापडलं होतं.

“बोल की,” बाबा म्हणाले. “एवढ्या वर्षांत तिसरा थर कधी दिला होतास? मग आत्ताच का?”

“चूक झाली, दादा,” काका म्हणाले.

“मग डाग.”

काकांनी सळई चुलीत घातली. कोचबाई अवघडून उभ्या, पोरी एकमेकींकडे बघतायत, मी कोपऱ्यात. काकांनी सळई बाहेर काढली, टोक निरखलं, “नाही तापली,” म्हणाले आणि परत घातली. पुन्हा काढली. “अजून नाही.” पुन्हा घातली. मला तिथे उभं राहवेना. माझ्या छातीत ‘सांग, सांग’ चाललं होतं, आणि दुसरीकडून, सांगितलंस तर पहिला प्रश्न येईल, तेव्हा का नाही सांगितलंस? शिवाय बाबांचा चेहरा. सगळ्यांसमोर त्यांना बहिरं ठरवायचं? मी स्वतःला सांगितलं, आत्ता नको, गिऱ्हाईक जाऊ दे, संध्याकाळी सांगू. हे संपावं म्हणून मी चिडून म्हटलं, हो, मीच म्हटलं, “तापली की काका! डागा आणि संपवा एकदाचं!”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग फळीवर वाकले आणि डागलं, ‘पाठ जड’. भिंतीवरचं पहिलं खोटं कारण. तेसुद्धा सुंदर अक्षरात.

संध्याकाळपर्यंत काका कारखान्यात नव्हते. बाबा बोलले होते ते बोलले होते: “खाल्ल्या घरचे वासे मोजणारा भाऊ मला नको.” काकांनी मागच्या खोलीतल्या गादीची वळकटी बांधली, हाडाची फणी खिडकीत ठेवली आणि गेले. शहराच्या पलीकडच्या टोकाला बुटांचे तळवे चिकटवायच्या कारखान्यात लागले, असं पुढे कळलं. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. तुम्ही म्हणाल, असं कसं? असंच असतं. पहिल्या दिवशी एक वाक्य लागतं. महिन्यानं त्यालाच दहा वाक्यं लागतात, आणि वर्षानंतर ते सुरू कुठून करायचं तेच सुचत नाही.

त्यांच्यानंतर पाठीला दोघं-तिघं येऊन गेले. कोणाची पाठ सोलवटायची, कोणाची भेगाळायची. बाबा त्यांना ओरडायचे, “माझ्या भावाचं काम बघा, भिंतीवर!” आणि मग ते कुठल्या धनुष्यावर आहे हे आठवून गप्प व्हायचे. लाकूड मात्र त्यांनी हळूहळू माझ्यावर सोडलं. “डोळ्यांचा त्रास होतो,” म्हणाले. मी पण म्हटलं, हो, डोळेच.

नऊ वर्षांनी त्यांनी कानाचं यंत्र घेतलं, स्वतःहून. पहिल्या दिवशी घरभर फिरले. नळ ऐकला, बिजागरी ऐकली, मला म्हणाले, “तू पाय आपटत चालतेस होय!” दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन माळ्यावर गेले. मी खाली काम करत होते. वरून टण्ण, टण्ण येत होतं. मग एक बद्द. मग पुन्हा तोच बद्द.

खाली उतरले ते एक फाक घेऊन. त्या धनुष्याचा जोड. बाजूला ठेवलेला, वर्षानुवर्षं कोणी न हलवलेला. त्यांनी तो माझ्या पुढ्यात ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, “याचा जोडीदार तेव्हा वाजला होता का गं?”

देवानं इतकी सरळ संधी कोणाला देऊ नये. एक ‘नाही’ पुरे होतं. काका बसनं पाऊण तासावर होते, जिवंत, धडधाकट. पण बाबांनी फाकेवरचा हात काढला नव्हता आणि कानातलं ते यंत्र एवढंसं, चण्यासारखं. मला त्यांची इतकी दया आली की मी म्हटलं, “वाजला होता, बाबा. खणखणीत. हा माळ्यावरच्या उष्णतेनं बिघडला असेल.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “मग बरोबर,” म्हणाले. “मग त्याचीच चूक.”

म्हणजे रागाच्या भरात एकदा गप्प बसले आणि मायेच्या भरात एकदा खोटं बोलले. दोन्ही वेळा बळी गेले ते एकटे काका. रागाचं मी एक वेळ समजू शकते. या दुसऱ्याचं काय करू?

बाबा गेल्या वर्षी गेले. काका आले होते, सगळ्यांच्या मागे उभे होते, केस पांढरे झालेले. मी बघेपर्यंत निघून गेले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं मग मला शहाणपण सुचलं. नसांची एक जुडी आणि ते मोडकं धनुष्य पिशवीत घेतलं आणि बस पकडली.

खोली बुटांच्या कारखान्याच्या वरच होती. जिन्यात त्या उग्र चिकटद्रव्याचा वास, डोकं भणभणेल असा. आत एक खाट, एक टेबल, खिडकीत धुतलेला एकुलता एक सदरा. काका मला बघून इतके सहज उठले, जणू मी कालच येऊन गेले होते. “ये. पाय आपटत आलीस, तेव्हाच ओळखलं.”

मी पाल्हाळ लावलं नाही. “काका, चला घरी. तुमची पाठ कोणाला जमत नाही.” आणि जुडी त्यांच्या हातात दिली. “यात एक उलटा आहे. मुद्दाम घातलाय. काढा.”

त्यांनी डोळे मिटले. जुडी बोटांतून सरकवली, एकदा, दोनदा. खूप वेळ. मग डोळे उघडून हसले, तेच हसणं, खांदे हलवत. हात माझ्यापुढे धरले. बोटांची टोकं पिवळी, गुळगुळीत, ठशांच्या रेघा नसलेली. “त्या चिकट्यानं खाल्ली गं. गरम-गार कळतं अजून. तंतू नाही कळत.” मग मला चिडवायला म्हणाले, “आता वेणीसुद्धा सैल होईल.”

मी रडायला लागले, मग बोलायला लागले. एवढ्या वर्षांचं सगळं, उलटसुलट. बद्द आवाज, काळी रेघ, माळ्यावरचा जोड, बाबांचा प्रश्न, माझं उत्तर. पिशवीतून धनुष्य काढून टेबलावर ठेवलं. म्हटलं, “ती फळी मी घासून टाकते. खरं कारण डागते.”

“घासायची नाही,” ते म्हणाले. “तिसरा थर दिला होता की मी. पाठ जड होतीच.”

“पण लाकूड—”

“लाकूड तू ऐकलं होतंस, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी तुझ्या हातातली दोरी थांबली होती.” त्यांनी मोडक्या पात्यावरून हात फिरवला, नुसताच, काही कळत नसताना. “मी कसा सांगणार होतो? स्वतःला वाचवायला मोठ्या भावाला बहिरं ठरवायचं? आणि लाकूड चुकतं म्हणून बोभाटा झाला असता तर कारखानाच बसला असता. पाठवाला काय, दुसरा मिळतो. झाकली मूठ बरी होती.” धनुष्य माझ्याकडे सरकवलं. “पण तू त्याची मुलगी. तुझं त्यानं आदळआपट करून का होईना, ऐकलं असतं. कधी कधी वाटायचं बोलू नयेस. पण जास्त वेळा वाटायचं, बोलावंस.”

मला त्यांच्याकडे बघवेना. खिडकीतल्या सदऱ्याकडे बघत म्हटलं, “मग तेव्हा मला एकदा तरी खुणावायचंत, काका. नुसती मान हलवली असतीत तरी—”

“अगं, सळई तीनदा नाही का घातली चुलीत?” काका म्हणाले. “ती पहिल्याच खेपेला लाल झाली होती.”